वाई : कृष्णाकाठचा कसबा

सातारा जिल्ह्यातील वाई हा कसबा आसपासच्या शेतकऱ्याला हळदीची पेठ म्हणून ठाऊक आहे, भाविकाला दक्षिण काशी म्हणून, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला आदिलशाहीतील एका सुभ्याचे ठाणे म्हणून. हा सुभा अफझलखानाकडे होता, आणि १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याकडे निघण्यापूर्वी त्याचा तळ येथेच पडला होता.

परंतु आज दिसणाऱ्या वाईला रूप आले ते त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. येथील भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाली, आणि पेशवाईत मातब्बर झालेल्या या घराण्याने आपले द्रव्य नदीकाठच्या दगडी बांधकामात मुक्तहस्ताने ओतले. आनंदराव रास्त्यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देवालय उभारले. तेथील काळ्या पाषाणाच्या नंदीच्या अंगावरील साजाचे कोरीव काम पाहिले, म्हणजे कारागिराने दगडावर किती माया केली असेल, याची कल्पना येते. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवालयाची ख्याती त्यातील भव्य मूर्तीमुळे झाली हे खरे. तथापि ज्याला स्थापत्याची मर्मे समजून घ्यावयाची असतील, त्याने दर्शन आटोपल्यावर देवळाला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहावी. ही भिंत नावेच्या नाळेप्रमाणे निमुळती केली आहे, कारण पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या धारेवर दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावा आणि मंदिरास धक्का पोहोचू नये, अशी ही योजना आहे.

वाईहून अगदी जवळ मौजे मेणवली आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांस इनाम दिले, आणि नानांनी तेथे वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट व मेणेश्वराचे मंदिर बांधविले. वाड्याच्या भिंतींवर देवादिकांची रंगीत चित्रे आहेत, आणि घाटावर टांगलेल्या अवजड घंटेवर मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती लागलेल्या घंटांपैकी ही एक होय. जिंकून आणलेली घंटा शिवालयासमोर टांगताना तिच्यावरील परधर्मीयांची मूर्ती कोणी घासून काढली नाही, ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच मोलाची वाटते. याच वाड्यात नानांचे खासगी दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्यातील कागदांवाचून उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणे दुरापास्त झाले असते.

नव्या काळात प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय यांनी वाईच्या विद्येची परंपरा पुढे नेली. माघापासून घाटाघाटांवर पाळीपाळीने होणारे कृष्णाबाईचे उत्सवही चालू आहेत. ज्या पायऱ्यांवर रोज लोक बसतात, धुणी धुतात, पालखी उतरवितात, त्या पायऱ्यांचा निखळलेला चिरा कोणाच्या तरी नजरेस लगेच येतो. उलट कुलूप लावून ‘जतन’ केलेल्या वास्तूच्या भिंतीत पिंपळ केव्हा रुजला, हे कोणासच कळत नाही. म्हणून वास्तूच्या रक्षणाचा पहिला उपाय तिचा वापर बंद न करणे, हाच होय.

तेव्हा कसब्यांतून राहणाऱ्या श्रोत्यांस माझी एवढीच विनंती आहे : आपल्या गावच्या देवळातील कोरीव दगडावर भक्तिभावानेही तैलरंग फासू नका, आणि माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या जाणकारास दाखवा.