तलावाचे पाणी, ओढ्याची साक्ष
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा चेन्नईची तहान भागवते, हे अनेकांना ठाऊक नसेल. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी त्या नगरास देण्याचे मान्य केले. १९९६ मध्ये ते प्रथम तमिळनाडूच्या सीमेत आले. कंडलेरू जलाशयातून लांबलचक कालव्याने ते पूंडीस पोहोचते आणि तेथून पुळल व चेंबरंबाक्कम या तलावांत जाते.

चेंबरंबाक्कमने दोन्ही टोके पाहिली आहेत. २०१५च्या डिसेंबरात अतिवृष्टी आणि तलावाचा विसर्ग यांमुळे अड्यार नदीचा काठ जलमय झाला. २०१९च्या उन्हाळ्यात तोच तलाव जवळजवळ कोरडा पडला आणि जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरजेहून लातूरला २०१६ मध्ये गेलेली जलगाडी ज्यांना आठवते, त्यांना त्या दिवसांची कल्पना येईल. तेव्हा साऱ्या शहराचा प्रश्न एकच होता : पाणी किती? पाणी कसे, हा प्रश्न मात्र नळाशी पोहोचेपर्यंत कोणी विचारत नाही.

वास्तविक त्याचे उत्तर तलावात नसते, ओढ्यांत असते. तमिळ भूमीत तलावास 'एरी' म्हणतात. वरच्या एरीच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या एरीस मिळते; म्हणून वरच्या गावाचा निष्काळजीपणा खालच्या गावाच्या घागरीत उतरतो. तलावात मिसळलेली घाण कोणाची, हे सांगता येत नाही. ओढ्याच्या मुखाशी मात्र ते सांगता येते, आणि एकेक ओढा वर चढत तपासला, तर दोष कोठे शिरला ती जागाही सापडते.

ही तपासणी अवघड नाही. तिला शिस्त लागते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री शोषते. म्हणून दुपारी उत्तम भासणारे पाणी पहाटे गुदमरलेले असू शकते. यास्तव नोंद एकाच जागी, एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयापूर्वी घ्यावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार, शुद्धीकरणानंतर पिण्यास योग्य ठरणाऱ्या स्रोतात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी. सांडपाण्यातील फॉस्फेट वाढले, की जलपर्णी फोफावते. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्यातील पहिली सर उन्हाळाभर साचलेले सारे धुऊन आणते. त्या दिवशीची नोंद चुकली, तर वर्षाची मुख्य साक्षच हुकली.

एका दिवसाचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. दहा वर्षांची वही मात्र कोणासही खोडून काढता येत नाही. अशी वही ठेवण्यास शाळेइतकी योग्य संस्था दुसरी नाही, कारण विद्यार्थी बदलतात आणि शाळा राहते. साठ वर्षे हजेरीपट अखंड भरणाऱ्या या विद्यालयाने गावच्या ओढ्याचीही हजेरी घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनी साधने द्यावीत, पालकांनी त्या पहाटे मुलांसोबत काठावर उभे राहावे. महाबळेश्वरच्या झऱ्यापासून चेन्नईच्या घागरीपर्यंत पाणी एकच आहे; त्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या काठावर ठेवायचा आहे.