जरा ॲडजस्ट करा!

सकाळी डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये हमखास कानावर पडणारं इंग्रजी क्रियापद कोणतं? 'ॲडजस्ट'! तिघांच्या बाकापाशी चौथा येतो आणि म्हणतो, "जरा ॲडजस्ट करा." तिघं सरकतात. चौथ्याला अर्धी मांडी टेकण्यापुरती जागा होते. हीच आपली चौथी सीट.

इंग्रज माणूस घड्याळ ॲडजस्ट करतो, चष्मा ॲडजस्ट करतो. म्हणजे वस्तू किंचित हलवून नीट बसवतो. आपल्या गाडीत वस्तू राहते बाजूला, माणूसच सरकतो.

परका शब्द घ्यायचा आणि त्याला 'करणे' जोडायचं, ही मराठीची जुनी रीत. माफ, कबूल, जमा हे अरबी शब्द असेच आपल्यात आले. 'बदल' तर इतका मुरला, की त्याचं 'बदलणे' झालं. तो बाहेरचा होता, हे आज कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या ॲडजस्टचा दुसरा अर्थ मला उशिरा कळला. लग्नानंतर मी डोंबिवलीत भाड्याचं घर शोधत होतो. एक घर पसंत पडलं. मालकांनी चहा दिला, माझ्या मराठीचं कौतुक केलं. मग नाव विचारलं. मी सांगितलं. थोडं थांबून ते म्हणाले, "माझी हरकत नाही हो, पण शेजारपाजार... तुम्ही मुंब्र्याकडे ॲडजस्ट करा ना."

घरी येऊन शब्दकोश उघडला. ॲडजस्टच्या मुळाशी लॅटिनमधला 'युक्स्टा' आहे. त्याचा अर्थ 'जवळ'. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. मूळ अर्थ जवळ आणण्याचा, आणि त्या भल्या गृहस्थांनी तो मला लांब धाडायला वापरला होता.

तेव्हा लक्षात आलं, की हे क्रियापद आपण बहुधा दुसऱ्यालाच ऐकवतो. नव्या सुनेला, भाडेकरूला, बाहेरून आलेल्याला. 'मी ॲडजस्ट करतो' असं म्हणणारे थोडे.

दुसऱ्या दिवशी गाडीला नेहमीसारखीच गर्दी होती. मी काही म्हणायच्या आत बाकावरचे तिघं सरकले. मी टेकलो. कुणी नाव विचारलं नाही. पुढच्या स्टेशनात आणखी एकजण समोर येऊन उभा राहिला, तेव्हा मीही थोडा सरकून पाहिलं.