म्युलर यांची दोन भाषणं

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा संक्षिप्त मजकूर)



पत्रकात आजचा विषय 'शीतयुद्ध आणि विज्ञान' असा छापला आहे. तो मी घाईत फोनवर सांगितला होता, चूक माझीच. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही. त्याऐवजी एकाच माणसाबद्दल बोलतो. त्यांचं नाव हर्मन म्युलर. मी फळमाश्यांवर काम करतो, आणि माश्यांचे वाण पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे टिकवायची जी पद्धत आम्ही आजही वापरतो, तिचा पाया म्युलरनी घातला. क्ष-किरणांमुळे जनुकांत कायमचे बदल होतात, हे त्यांनी 1927 मध्ये टेक्ससमध्ये दाखवलं आणि 1946 चं नोबेल मिळवलं.

मधल्या एकोणीस वर्षांत काय झालं, हे मला पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. मला माहीत होते ते मिचुरिन आजोबा. आमचे अण्णा शाळामास्तर आणि पक्के डावे. मॉस्कोत छापलेल्या गुळगुळीत कागदाच्या स्वस्त पुस्तकांवर आम्ही भावंडं वाढलो. त्यात बर्फाळ प्रदेशात सफरचंद आणि नासपती पिकवणाऱ्या मिचुरिनची गोष्ट होती. निसर्गाला शिकवलं की तो बदलतो, हे त्यातून मनावर ठसलं. याच मिचुरिनचं नाव लावून पुढे काय काय केलं गेलं, ते त्या पुस्तकात अर्थातच नव्हतं.

म्युलर समाजवादी विचारांचे होते. टेक्ससमध्ये डाव्या विद्यार्थ्यांच्या एका वृत्तपत्राला त्यांनी मदत केली आणि सरकारी गुप्तहेर त्यांच्या मागे लागले. 1932 मध्ये ते बर्लिनला गेले. तिथे हिटलर सत्तेवर आला, तेव्हा निकोलाय वाविलोव यांच्या निमंत्रणावरून 1933 मध्ये रशियात गेले. वाविलोव म्हणजे पिकांच्या मूळ जन्मस्थानांचा शोध घेत जग पालथं घालणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. लेनिनग्राडमधला त्यांचा बियाण्यांचा संग्रह जगात सर्वांत मोठा होता. त्या काळी जनुकशास्त्रात रशिया अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, हे आपण विसरतो.

त्याच सुमारास त्रोफिम लिसेंको पुढे येत होता. हिवाळी गव्हाचं बी भिजवून थंडीत ठेवलं तर ते वसंतात पेरता येतं. यात खोटं काही नाही, हे आधीपासून माहीत होतं. पण असा 'शिकवलेला' गुण पुढच्या पिढीत उतरतो, असा दावा लिसेंकोने केला, आणि तिथे विज्ञान संपलं. मात्र काळ लक्षात घ्या. सक्तीची सामुदायिक शेती झालेली, 1932-33 च्या दुष्काळात लाखो माणसं मेलेली. वाविलोव म्हणायचे, नवा वाण तयार व्हायला बरीच वर्षं लागतात. लिसेंको म्हणायचा, अडीच-तीन वर्षांत देतो. शिवाय तो शेतकऱ्याचा मुलगा आणि वाविलोव धनिक व्यापाऱ्याचे चिरंजीव. राज्यकर्त्याने कोणाचं ऐकावं? 1935 मध्ये भर सभेत स्टालिनने 'शाब्बास, कॉम्रेड लिसेंको' म्हणून दाद दिली.

म्युलर यांचं पहिलं भाषण डिसेंबर 1936 मधलं, मॉस्कोच्या कृषी अकादमीत. समोर लिसेंको आणि त्याचे पाठीराखे. म्युलरनी त्याच्या सिद्धान्तांची तुलना सरळ ज्योतिष आणि किमयेशी केली. हे सांगणारा परका भांडवलदार नव्हता, समाजवादासाठी घरदार सोडून आलेला माणूस होता. एक बाजू लपवत नाही: त्याच वर्षी म्युलरनी स्टालिनला पत्र लिहून, निवडक बुद्धिमान पुरुषांच्या बीजापासून प्रजा वाढवण्याची योजना सुचवली होती. आज ती वाचून अंगावर काटा येतो. जनुकशास्त्र म्हणजे वंशवाद, या विरोधकांच्या प्रचाराला असल्या कल्पनांचा फायदाच झाला.

ऑस्टिनला म्युलर यांच्याकडे काम करून गेलेले आगोल आणि लेवित हे दोघे 1937-38 मध्ये गोळी घालून मारले गेले. म्युलर स्पेनच्या यादवी युद्धातल्या स्वयंसेवकांत सामील होतो असं सांगून 1937 मध्ये बाहेर पडले. वाविलोवना ती वाट नव्हती. 1939 मध्ये एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते नियोजित अध्यक्ष होते, पण त्यांना येऊ दिलं नाही. 1940 मध्ये अटक झाली आणि 26 जानेवारी 1943 रोजी सारातोवच्या तुरुंगात ते गेले. जगाची भूक भागावी म्हणून बियाणं गोळा करणाऱ्या माणसाचे तुरुंगात खाण्यावाचून हाल झाले. इकडे लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचे सहकारी पोत्यांतलं धान्य न खाता उपाशी मेले. 1948 च्या ऑगस्टमध्ये, पक्षाच्या मध्यवर्ती समितीने आपला अहवाल संमत केला आहे, असं लिसेंकोने जाहीर केलं आणि वाद संपला. म्युलरनी त्याच वर्षी सोव्हिएत अकादमीचं सभासदत्व सोडलं.

हे सगळं मी एका सुट्टीत अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तुला तिकडे गेल्यावर बरं कळलं." मला राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता.

म्हणून दुसरं भाषण. हे झालंच नाही. ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. किरणोत्साराचा आनुवंशिकतेवर होणारा परिणाम या विषयावर म्युलरपेक्षा अधिकारी माणूस कोण होता? त्यांचा निबंध अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने अडवला. कारण दिलं ते असं, की त्यात हिरोशिमाचा उल्लेख आहे. अणुचाचण्यांच्या धुळीबद्दल म्युलर बोलू लागले होते, हे खरं दुखणं. तेव्हा म्युलर कम्युनिस्टविरोधक म्हणून प्रसिद्ध होते. त्याचाही उपयोग झाला नाही.

असंच लायनस पॉलिंग यांचं. 1952 मध्ये अमेरिकन सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला, ते कम्युनिस्टांच्या जवळचे आहेत म्हणून. त्याच्या आदल्याच वर्षी मॉस्कोत रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरवून त्यांचा अनुनादाचा सिद्धान्त 'भांडवली' म्हणून झोडपला होता. एकच माणूस, एका गावात लाल आणि दुसऱ्या गावात पांढरा!

हे ऐकून अण्णा खूश झाले. जरा जास्तच. "बघ, दोघं सारखेच," म्हणाले. मी म्हटलं, नाही अण्णा, सारखे नाहीत. वाविलोव तुरुंगात मेले. म्युलर इंडियानातल्या आपल्या विद्यापीठात परत गेले, ओरडले, लोकांनी त्यांची बाजू घेतली आणि आयोगाची छीथू झाली. हा फरक माझ्यासारख्या या देशात राहणाऱ्याने पुसू नये. पण 'आमच्याकडे गोळ्या घालत नाहीत' एवढ्यावर समाधान मानणंही मला पटत नाही. चिएन श्वेसेन या अमेरिकेत घडलेल्या क्षेपणास्त्रतज्ज्ञावर 1950 मध्ये संशय घेतला, पाच वर्षं नजरकैदेसारखं अडकवून ठेवलं आणि 1955 मध्ये चीनला पाठवलं. चीनची क्षेपणास्त्रं त्यांनीच उभी केली.

हा जुना इतिहास नाही. 2018 मध्ये इथल्या न्याय खात्याने चिनी हेरगिरीविरुद्ध एक मोहीम काढली. ती 2022 मध्ये बंद झाली. दरम्यान काही संशोधकांवरचे खटले सरकारलाच मागे घ्यावे लागले. आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत एक चिनी वंशाचे सहकारी आहेत. त्यांनी तेव्हा आपल्या जुन्या गुरूंबरोबर निबंध लिहिणं थांबवलं, मग त्यांना पत्रं लिहिणंही. कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही चहाच्या वेळी क्रिकेट आणि हवापाण्यावर बोलायचो. संशोधकांच्या सह्यांचं एक पत्र फिरत होतं. माझं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं होतं. ते हातात पडल्यावर मी सही केली, तोपर्यंत मोहीम बंद होऊन महिना झाला होता.

अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही. असो. प्रश्न असतील तर घेऊ या.