मेंढीचे दूध आणि शेतातला उरलेला चारा



आज आपण मेंढीच्या दुधाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मेंढीचं दूध कोण काढतो? ते तर कोकराचं!" खरे आहे. आपली दख्खनी मेंढी आपण पाळतो ती मांसासाठी, लोकरीसाठी आणि लेंडीखतासाठी. पण कोकराचा जीव त्या दुधावरच असतो. आईला पान्हा नसला तर कोकरू खुरटते, नाही तर मरते. कोकरू गेले की मेंढपाळाची कमाई गेली.

काही देशांत मेंढ्या दुधासाठीच पाळतात. फ्रान्स देशात लाकोन जातीच्या मेंढ्या आहेत. त्यांच्या दुधाचे रोकफोर नावाचे चीज करतात. दूध घट्ट करायचे, त्यातले पाणी काढायचे आणि गोळा मुरवायचा, की झाले चीज. ग्रीस देशात आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरही असे चीज होते. मेंढीचे दूध दाट असते. गाईच्या १०० भाग दुधात लोण्याचा अंश ३ ते ५ भाग असतो. मेंढीच्या दुधात तो ६ ते ७ भाग असतो.

तिकडे मेंढ्यांना काय घालतात? ऑलिव्ह नावाच्या फळाचे तेल काढल्यावर उरलेला चोथा घालतात. टोमॅटोची साले व बिया घालतात. रस काढलेल्या संत्र्याचा चोथा आणि गव्हाचे काडही घालतात. माणसाच्या कामाचे नाही ते मेंढी खाते आणि दूध देते. आपल्याकडे काय कमी आहे? ज्वारीचा कडबा आहे, बाजरीचे सरमाड आहे, तुरीचे भुसकट आहे, भुईमुगाचा पाला आहे, पेंड आहे.

पण सगळा चारा सारखा नसतो, बरं का. अंगात मांस आणि कासेत दूध तयार व्हायला प्रथिन लागते. १०० किलो कडब्यात प्रथिन जेमतेम ३-४ किलो असते. भुईमुगाच्या पाल्यात त्याच्या दुपटीहून जास्त असते. शेंगदाण्याच्या पेंडीत ४० किलोच्याही वर असते.

मेंढीच्या मोठ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू असतात. ते रोगाचे जंतू नव्हेत. ते मेंढीचे चाकरच म्हणा ना! काड फोडून तिला अन्न करून देतात. पण चाकरालाही भाकरी हवी. त्यांची भाकरी म्हणजे प्रथिन. नुसता कडबा घातला तर ते उपाशी राहतात आणि काड नीट पचत नाही. मेंढीचे पोट भरलेले दिसते, कास मात्र रिकामी राहते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून कडब्याबरोबर भुईमुगाचा पाला किंवा तुरीचे भुसकट मिसळावे. मूठभर पेंड द्यावी. मेंढी ५ महिने गाभण असते. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातले कोकरू झपाट्याने वाढते. तेव्हा आणि व्यायल्यावर दोन महिने तिला चांगला चारा राखून ठेवावा. चारा थोडा असेल तर आधी दुभत्या मेंढीला द्यावा.

मग धान्यच भरपूर घातले तर? तेही वाईट. एकदम फार धान्य खाल्ले की पोटात आंबट होते आणि मेंढी दगावते. काढणी झालेल्या रानात कणसे पडलेली असतात. तिथे उपाशी कळप सोडू नका. आधी थोडे काड खाऊ घाला.

आता तीन धोके सांगतो.

पहिला, बुरसलेली पेंड. १९६० साली इंग्लंडात टर्की नावाचे लाखावर पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीला बुरशी होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते जनावराच्या दुधातही उतरते. म्हणजे दूध पिणाऱ्यालाही धोका. बुरसलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

दुसरा, द्राक्षबागेतला छाटणीचा पाला. बागेवर बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद असते. मोरचुदात तांबे असते, आणि मेंढीला ते सोसत नाही. तांबे काळजात साठत जाते. मग एक दिवस मेंढी पिवळी पडते, लघवी लाल होते आणि ती मरते. बागाईतदाराला विचारल्याशिवाय तो पाला घालू नका.

तिसरा, कांद्याची पात. तिचा वास दुधाला लागतो. फार घातली तर मेंढीचे रक्तही कमी होते.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. खाद्याच्या पोत्यावर ते कोणत्या जनावरासाठी आहे ते लिहिलेले असते. ते वाचा. गाईच्या खाद्यात, क्षारांच्या मिश्रणात तांबे जास्त असते. ते मेंढीला घालू नका.

आणि लिहायलाही येते. मग एक वही करा. कोणती मेंढी कधी व्याली, तिला काय चारा घातला, ते लिहा. दर आठवड्याला कोकरू तोलून वजन मांडा. दोन महिन्यांनी पाने उलटून बघा. कोणत्या चाऱ्याने दूध वाढले, ते तुमची वहीच सांगेल. मग आम्हा मास्तरांना विचारायचेही कारण उरणार नाही.