कृष्णाकाठी आपले स्वागत असो



पुराला तोंड देण्याची तयारी गावाने आणि गल्लीने स्वतः कशी करावी, या विषयावरच्या परिषदेसाठी आपण सांगली निवडलीत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे स्वागत करतो. मी हळदीच्या पेठेतला व्यापारी. नदीचे शास्त्र जाणणारी मंडळी समोर बसली असताना त्या विषयावर मी काय बोलणार? पण गावाविषयी बोलण्याचा मान आपण दिलात, तो मी आनंदाने घेतो.

१८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला आपली राजधानी केली. गणेशदुर्ग आणि नदीकाठचे गणपती मंदिर ही त्यांची देणगी. त्यांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा जन्म आमच्या गावात झाला. गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय आले, १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय. सहकार, साखर, द्राक्षे, बेदाणा यांविषयी बोलू लागलो तर अध्यक्षांचे भाषण दुपारवर जाईल, म्हणून तिथे थांबतो.

मात्र हरिपूरच्या पेवांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम. तिथल्या मातीत एक गुण होता, जो शेजारच्या गावातही सापडत नाही. त्या जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेव खणायचे, तोंड अरुंद ठेवायचे आणि पोट मोठे. आत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. वर्ष-दोन वर्षे गेली तरी हळदीला कीड लागत नसे, उलट तिचा रंग खुलत असे. पेव उघडले की लगेच आत कोणी उतरायचे नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. काही तास तोंड उघडे ठेवायचे, मग कंदील खाली सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरायचा. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. पेव खणणारे, भरणारे आणि उघडणारे हरिपूरचे कामकरी पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळत आले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्यांच्या हातांनी ही पेठ उभी राहिली त्या पेवकामगारांचे नाव गावात कोणत्याही फलकावर नाही. आज या व्यासपीठावरून मी त्यांना नमस्कार करतो.

ही पेवे कशाने गेली? पुराने गेली. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, हळद कुजली, पेवांच्या भिंती ढासळल्या, आणि व्यापार शीतगृहांकडे वळला. संगमाची जी माती पेवांना जपत होती, ती पाण्याखाली गेल्यावर फारशी पेवे उरली नाहीत. पूर उतरतो, घरे धुऊन निघतात, पण एखादे कसब कायमचे निघून जाते आणि नुकसानीच्या पंचनाम्यात त्याला रकाना नसतो. आमच्या नगर वाचनालयाचेही तेच. दीडशे वर्षे जपलेल्या ग्रंथालयात २०१९ च्या पुराचे पाणी शिरले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. पुस्तके वरच्या मजल्यावर कधी आणि कोणी न्यायची, याची यादी आधी केलेली असती तर त्यांतली बरीच वाचली असती, असे मला आजही वाटते.

आता आयर्विन पूल. १९२९ साली लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हा पूल खुला झाला आणि सांगलीवाडी व पलीकडचा मुलूख बारमाही सांगलीशी जोडला गेला. पण आम्हा सांगलीकरांना तो केवळ पूल नाही. पावसाळ्यात या गावात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला किती?” पुलापाशी नदीचे पाणी किती चढले, याचे उत्तर फुटांत येते. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ साली ५७ फुटांच्या पलीकडे आणि २०२१ साली पुन्हा ५४ फुटांच्या वर.

माझे म्हणणे एवढेच आहे की आयर्विनचा आकडा साऱ्या गावाला एकच असतो, पण प्रत्येकाच्या उंबऱ्याचा आकडा वेगळा असतो. ४० फुटांच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्त्याच्या बाजूची माणसे सामान बांधून निघतात, तेव्हा विश्रामबागेत नेहमीचे व्यवहार चालू असतात. मारुती चौकातल्या दुकानदाराला कोणत्या फुटाला माल उचलायचा हे ठाऊक हवे. गावभागातल्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींना कोणत्या फुटाला आणि कोणी न्यायचे, हे शेजाऱ्यांना ठाऊक हवे. प्रत्येक गल्लीने आपला फूट दारावर रंगवून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. जनावरे सोडून माणूस घर सोडत नाही, म्हणून जनावरांची जागा आणि वैरण आधी ठरावी. निवारा म्हणून जी शाळा ठरेल तिथली स्वच्छतागृहे मे महिन्यातच दुरुस्त व्हावीत.

आणि नावा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे काढणारी नाव उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे तिच्यात होती. बायका आणि लेकरे बुडाली. घाबरलेल्या माणसाला नावेतून उतर म्हणणे किती अवघड, हे मी समजू शकतो. म्हणूनच किती जण बसायचे, आधी कोण, आणि अंगात जीवरक्षक जाकीट नसेल तर नाव सुटणार नाही, हे पाणी येण्यापूर्वी ग्रामसभेत ठरले पाहिजे. कृष्णेत होड्यांच्या शर्यती लावणारे आमचे तरुण इथे आले आहेत. हे शिकवण्यासाठी त्यांच्याहून योग्य माणसे मला दिसत नाहीत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या दारांमुळे इथला पूर वाढतो का, हा वाद मोठा आहे, तो ज्यांनी लढवायचा ते लढवोत. पण त्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या गल्लीचे काम थांबवायचे कारण नाही.

आता व्यवस्थेविषयी. उन्हाळा कडक आहे आणि या सभागृहात पंखे पुरेसे नाहीत. कूलर मागवले आहेत, ते दुपारपर्यंत लागतील. लग्नसराईमुळे सर्व पाहुण्यांची सोय सांगलीत होऊ शकली नाही. काहींना मिरजेला, काहींना विद्यार्थी वसतिगृहात उतरवावे लागले. वसतिगृहात गरम पाण्याची आणि वयस्कर पाहुण्यांना जिना चढण्याची अडचण होत आहे. त्यांनी कार्यकर्त्यांना सांगावे, तळमजल्यावरच्या खोल्या राखून ठेवल्या आहेत. काल रात्री कोल्हापूरकडून आलेल्या पाहुण्यांना जेवणासाठी ताटकळावे लागले, त्याबद्दल समितीच्या वतीने क्षमा मागतो. भाकरी, भरली वांगी आणि निघताना भडंगाची पुडी, एवढाच आमचा पाहुणचार. तो गोड मानून घ्यावा.

या कार्यासाठी मार्केट यार्डातील अडते आणि हमाल बांधवांनी एक दिवसाची कमाई दिली. मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही. मंडपवाल्यांनी केवळ मजुरी घेतली, छापखान्याने केवळ कागदाचे पैसे. महिला बचत गटांनी स्वयंपाकाचा भार उचलला. रिक्षा संघटनेने तीन दिवस पाहुण्यांची ने-आण विनामूल्य करायचे ठरवले आहे. नाव छापू नका असे बजावून देणगी दिलेल्या तिघांचे नाव मी घेत नाही, पण त्यांचे ऋण या गावावर आहे. महाविद्यालयांचे स्वयंसेवक, पालिकेचे सफाई कर्मचारी, पोलीस आणि पत्रकार यांचेही मी मनापासून आभार मानतो. कोणाचा उल्लेख राहिला असेल तर उदार मनाने सांभाळून घ्यावे.

उद्या सकाळी सात वाजता या सभागृहाच्या दारातून बस सुटेल. आधी आयर्विन पूल, मग सूर्यवंशी प्लॉट आणि शेवटी हरिपूर. तिथली माणसे आपली वाट पाहत आहेत, त्यांना बोलायचे आहे. आपण सर्वांनी वेळेवर यावे आणि त्यांचे ऐकावे, ही विनंती करून परिषदेच्या अध्यक्षांना आपले विचार मांडण्यासाठी पाचारण करतो.