जहाजावर जादा पैसे देऊन जेवावं का?

सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून गोव्याला कॉर्डेलिया क्रूझ जाते. नागोठण्याच्या आम्ही चौघी दोन वर्षं पैसे साठवून गेलो. रोजचं जेवण तिकिटातच होतं. खास रेस्टॉरंटचं बिल वेगळं. आम्ही ठरवलं, जादा नको.

शेवटच्या रात्री काकी म्हणाल्या, "चाळीस वर्षं मीच वाढते. आज मला कुणी विचारून वाढू दे." मग चौघी गेलो. काकींचं बिल आम्ही तिघींनी वाटून घेतलं.

आमचं मत ऐका. तिकिटात काय, जादा काय, निघण्याआधीच विचारा. मासळी अंबा खाडीची घरीच मिळते. तिला जादा देऊ नका. कधी न खाल्लेलं एकदाच खा. मात्र पैसे स्वतःचे, गटाच्या बचतीला हात नको.