भगोण्यातली रान

रान म्हणजे इथे जंगल नव्हे. बोकडाची मागची मांडी, हाडासकट, दीड-दोन किलोची. युरोपात नाताळला डुकराची अशीच मांडी अख्खी भाजतात, ती याच्या तिप्पट-चौपट भरते. अडचण दोन्हीकडे एकच : बाहेरून काळी, हाडाजवळ लाल.

अक्कलकुव्यात आमच्या घरी ओव्हन नाही. शिवाय सासरेबुवांना दाढा उरल्या नाहीत. चिवट तुकडा ते मुकाट्याने ताटाच्या कडेला ठेवतात. त्यामुळे घाई करून चालत नाही.

हाडापर्यंत चिरा देऊन, मीठ चोळून मांडी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी आले-लसूण, काळा मसाला, तेल, आणि दह्याऐवजी मोलगी-धडगावकडचा आमचूर. कच्ची पपई चमचाभर, तीही दोनच तास. जास्त राहिली तर मांसाचा लगदा होतो.

जाड बुडाच्या भगोण्यात मांडी सगळीकडून लालसर करायची, वाटीभर पाणी घालायचे, झाकणाच्या कडेला कणीक लावायची. हे सारे अंगणातल्या चुलीवर. खाली मंद आच, झाकणावर निखारे. तासाभराने उलटून पुन्हा कणीक. एकूण अडीच तास तरी धरा. मांस ६३ अंश सेल्सिअसला खाण्याजोगे होते, पण सांध्यापाशी चिवट पडदे असतात, ते विरघळायला ८५-९० अंश लागतात. हाडाजवळ सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली की उतरवायची.

मग वीस मिनिटे झाकून ठेवायची, नाहीतर सगळा रस पाटावर सांडतो. कापायचे ते धाग्याला आडवे. हाडालगतचा पहिला तुकडा सासरेबुवांचा, सोबत कळण्याची भाकरी.